लाल पानांचं सोनं

मित्रांनो, मी एक जुनी द्राक्षवेल आहे. हसू नका. आज माझी उंची या घरच्या नातीच्या, राणीच्या, गुडघ्याएवढी आहे, मी एका मातीच्या कुंडीत उभी आहे आणि पडू नये म्हणून मला बांबूची एक कामटी बांधली आहे, हे मलाही दिसतं. तरीही मी जुनी आहे. हैदराबादेत, तारनाक्याच्या याच अंगणात मी एक पिढी रांगताना आणि तीच पिढी डोक्यावर टक्कल घेऊन फिरताना पाहिली आहे. आमच्या जातीत बाळपण आणि म्हातारपण माणसांसारखं रांगेत येत नाही. ते कसं, हेच तर सांगायचं आहे.

द्राक्षाचं बी पेरलं तर वेल येते, पण भलतीच येते. आईचे गुण उतरतील याचा काही नेम नसतो. म्हणून आमची लागवड काडीने होते. वेलीची एक काडी कापायची, मातीत खोचायची, तिला मुळं फुटली की झाली वेल तयार. ती पहिल्या वेलीची लेक नव्हे. ती पहिलीच वेल, फक्त नव्या जागी. तिच्या काडीची पुन्हा वेल, आणि त्या वेलीचीही पुन्हा काडी, असं शेकडो वर्षं चालत आलेलं आहे. त्यामुळे ‘मी’ म्हणताना माझा जरा गोंधळ होतो. तेवढं तुम्ही सांभाळून घ्या.

माझ्या जातीचं नाव शिराज. आमचे मणी बारीक, काळेशार, जाड सालीचे आणि बियांचे. तोंडात टाकून मिटक्या मारायला आमचा जन्म नाही. आमची वाईन करतात, आणि ती देशोदेशी नावाजलेली आहे. आता एकाच जातीच्या वेली म्हटलं तरी सगळ्या सारख्या नसतात. एखादी भरपूर फळते, एखादीचा रंग गडद उतरतो, एखादी नुसतीच पानं पसरून बसते. म्हणून जाणकार लोक एखादी चांगली वेल निवडतात, वर्षानुवर्षं तिच्यावर नजर ठेवतात, तिच्यात रोग लपलेला नाही ना हे तपासतात आणि मगच तिच्या काड्यांना नंबर आणि दाखला देतात. त्या एका वेलीच्या काड्यांपासून वाढलेला सगळा गोतावळा म्हणजे एक क्लोन. मी या देशात आले तेव्हा माझ्याही अंगावर नंबराचा पत्र्याचा बिल्ला होता. शहराबाहेरच्या एका प्रयोगाच्या बागेत मला लावलं होतं. पुढे ती बाग मोडली, वेली उपटल्या, बिल्ले भंगारात गेले. त्यामुळे माझा नंबर मात्र मला विचारू नका.

त्या बागेच्या फाटकाशी काड्यांचा ढीग पडला होता. तिथून प्रतापरावांनी मला उचललं. प्रतापराव म्हणजे या घराचे मालक. तेव्हा ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, अंगात खाकी शर्ट आणि गळ्यात तुळशीची माळ. बागेतल्या माळ्याने सांगितलं, ही शिराज. त्यांनी काडी ओल्या रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवली आणि घरी आणली. त्यांच्या पत्नी चतुराबाई यांनी डबा घासायला उघडला, तर आत ही वाळकी काडी. बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितली होती, ती विसरले आणि हे सरपण आणलं, असं त्या पुढे कितीतरी वर्षं आल्यागेल्याला सांगत असत.

बघा दैव कसं असतं. जिचा जन्म वाईनसाठी, ती वेल माळकऱ्याच्या अंगणात रुजली. घरात दारूचं नाव काढलं तरी चतुराबाई कानावर हात ठेवायच्या. माझ्या मण्यांचं सरबत व्हायचं. मुलं कच्चे मणी तोडून खायची आणि तोंडं वेडीवाकडी करायची.

प्रतापरावांना मात्र माझा केवढा अभिमान. सिकंदराबादला ते ज्या इराणी हॉटेलात चहाला बसत, तिथले मालक एकदा म्हणाले होते, “शिराज? अरे मियाँ, वो तो हमारे दादा का शहर है.” झालं. त्या दिवसापासून मी इराणची झाले. कुणी पाहुणा आला की त्याला आधी अंगणात आणायचं, मांडव दाखवायचा आणि ही वेल थेट शिराज शहरातून कशी आली ते सांगायचं. सांगताना रस्त्यात दर वेळी एकदोन उंट वाढायचे.

माझी उस्तवारही त्यांनी मनापासून केली. वर्कशॉपच्या भंगारातले पाइप रीतसर विकत घेऊन त्यांनी मांडव घातला. वर्षातून दोनदा छाटणी करायचे. उन्हाळ्यात एप्रिलची आणि दसरा झाला की ऑक्टोबरची. हातात कात्री असली की ते कुणाशी बोलत नसत. मूळ गाव जहीराबादच्या पलीकडे, घर शेतकऱ्याचं, त्यामुळे हाताला मातीची सवय होती. थोरले असून वडिलांच्या मागे त्यांनी आपल्या वाट्याचं रान धाकट्या भावाला, केशवरावांना, देऊन टाकलं होतं. आपलं नोकरीवर भागतं, त्याचं पोट रानावर आहे, एवढंच ते म्हणाले. दिलं ते मनापासून दिलं. पण रान देऊन टाकलं म्हणून माणसाला रानाची आठवण येत नाही असं थोडंच आहे? संध्याकाळी मांडवाखाली खुर्ची टाकून ते माझ्या बुंध्याजवळची माती नुसतीच हाताने चुरत बसायचे.

आता सोन्याची गोष्ट. तारनाक्यात आपट्याची पानं सहजी मिळत नाहीत. शेजारचे तेलुगू लोक दसऱ्याला जम्मीची, म्हणजे शमीची पानं हातात देतात आणि ‘बंगारम’ म्हणतात. एका दसऱ्याला प्रतापरावांना ना आपटा मिळाला ना जम्मी, आणि दारात माणसं उभी. त्यांची नजर मांडवाकडे गेली. माझी पानं त्या सुमाराला लालभडक व्हायची. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग लाल, आणि कडा खाली वळलेल्या. त्यांनी एक पान खुडून पाहुण्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, घ्या, आमच्या घरचं सोनं. वळलेलं पान उलटं धरलं की त्याची वाटी होते, हे चतुराबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी त्यात चिमूटभर साखरफुटाणे घातले. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षी माणसं आपणहून मागायला आली. मग ती घरची रीतच पडली.

खरं सांगते, मीही फुगले. कौतुक कुणाला नको असतं? भाद्रपद सरत आला की माझ्या अंगात कसकस व्हायची, पानं जड वाटायची, मुळांकडून आलेलं पाणी शेंड्याला पुरायचं नाही. मला वाटायचं, ही सणाची हुरहूर असेल. मणी उशिरा पिकायचे, पिकले तरी गोडी धरायचे नाहीत. प्रतापराव त्याचा दोष बोअरच्या पाण्याला द्यायचे. नळाला मंजिरा नदीचं पाणी होतं तेव्हा कशी साखर होती, असं म्हणायचे. चतुराबाई म्हणायच्या, तेव्हाही नव्हती.

कौतुकाबरोबर माझ्या काड्याही गावभर गेल्या. बरकतपुऱ्याच्या शोभाबाईंनी गच्चीवर लावली, आणखी कुणी कुणी कुठे कुठे लावली. छाटणीच्या दिवशी प्रतापराव काड्यांच्या मोळ्या बांधायचे आणि मुलीला सासरी धाडताना द्यावी तशी प्रत्येकाला सूचनांची शिदोरी द्यायचे.

मग एका उन्हाळ्यात केशवराव आले. त्यांनी गावी द्राक्षबाग करायची ठरवलं होतं. वाईनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक ठरलं होतं. रानात आधी जंगली द्राक्षाची काटक रोपं लावायची, त्यांना खुंट म्हणतात, आणि पावसाळा सरला की त्यांच्यावर चांगल्या जातीच्या काडीचं कलम बांधायचं, असा बेत होता. काड्या रोपवाटिकेतून आणायच्या का, असं त्यांनी विचारलं, तर प्रतापराव खुर्चीतून उठलेच. घरची वेल असताना बाहेरची काडी कशाला? सगळं रान माझ्या वेलीनं भर, असं त्यांनी भावाला सांगितलं. त्या संध्याकाळी ते माती चुरत बसले नाहीत. मांडवाखाली फेऱ्या मारत राहिले. मध्येच माझ्या खोडावर थाप मारून हळूच म्हणाले, “चल, आता गावाकडं जाऊ आपण.”

त्यांना काय हवं होतं ते तेव्हा मला कळलं, मित्रांनो. आपण गेलो नाही, पण आपल्या हातची वेल त्या मातीत जाईल, वडिलांच्या विहिरीचं पाणी पिईल. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं एवढं एकच मागणं होतं. ते माझ्या काड्यांवर अवलंबून होतं.

त्याच वर्षी वरच्या मजल्यावर नीलिमा राहायला आली. मुलगी पुण्याची. नवरा संगणकाच्या कामात, आणि ती इथे एका प्रयोगशाळेत वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करते. तिचा या घरातला तो पहिलाच दसरा. ती आपट्याची पानं घेऊन खाली आली, प्रतापरावांच्या पाया पडली. त्यांनी रीतीप्रमाणे माझं लाल पान, वाटी करून, साखरफुटाणे घालून तिच्या हातावर ठेवलं.

नीलिमाने पान पाहिलं. मग ते उलटं केलं. साखरफुटाणे जमिनीवर सांडले, ते तिच्या ध्यानातही आलं नाही. ती पानाच्या शिरा बघत राहिली, वळलेली कड बोटाने सरळ करून बघू लागली, आणि कड पुन्हा वळली. चतुराबाईंना वाटलं, पुण्याच्या लोकांना सोनं घ्यायची रीत ठाऊक नाही की काय. कुकटपल्लीहून सणाला आलेली नात राणी फुटाणे वेचता वेचता म्हणाली, “ताई, एवढं काय चेक करताय? नेहमी असंच असतं ते. दसऱ्याला ब्युटिफुल होतं, मग आजोबा कट करतात.”

सणाच्या दिवशी नीलिमा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आली आणि तपासायला म्हणून माझी काही पानं आणि एका काडीचा तुकडा मागून घेऊन गेली. छाटणी मात्र जरा थांबवा, एवढं तिने विनवलं. प्रतापरावांना वाटलं, बाई आपल्या वेलीवर लुब्ध झाली. त्यांनी तिला आणखी दोन काड्या देऊ केल्या.

दिवस जाऊ लागले. केशवरावांचे फोन सुरू झाले. खुंट तयार आहेत, कलमं बांधणारी माणसं येऊन बसली आहेत, काड्या कधी धाडता? प्रतापरावांनी आज उद्या करत वेळ काढली. मग एका दुपारी नीलिमा मांडवाखाली त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. तिचा चेहरा पाहूनच चतुराबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

तिने आधी चांगलं तेवढं सांगितलं. वेल शिराजच आहे, शंका नाही. पण इराणची नाही. या जातीचे आईबाप कोण हे शास्त्रज्ञांनी तपासून काढलेलं आहे, आणि ते दोन्ही फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या जुन्या वेली आहेत. शिराज शहराचं आणि हिचं नाव एक, बाकी नातं काही सापडलेलं नाही. हे ऐकून प्रतापराव एवढेसे झाले. चतुराबाईंना मात्र हसू आवरेना. नुसत्या नावावर भुलून सोयरीक जमवली की असंच व्हायचं, चौकशी नको करायला? असं त्या म्हणाल्या, आणि क्षणभर तिघंही हसले. मीही हलले थोडी.

मग नीलिमाने दुसरी गोष्ट सांगितली. “काका, ही पानं दसऱ्यासाठी लाल होत नाहीत. हा रोग आहे. विषाणूचा. निरोगी शिराजची पानं या दिवसांत हिरवी असतात. ही वेल कितीतरी वर्षं आजारी आहे.”

वर मांडवात माझी पानं लाल होती, आणि पहिल्यांदाच कुणी त्यांना छान म्हटलं नाही.

प्रतापरावांनी विचारलं, “म्हणजे एवढी वर्षं मी लोकांच्या हातात रोगच देत आलो का?”

“खुडलेल्या पानानं काही होत नाही, काका,” ती म्हणाली. “काडीनं होतं. आजारी काडीची वेल आजारीच निघते. आणि पिठ्या ढेकूण असतो ना, कापसासारखा पांढरा किडा, तो एका वेलीचा रोग शेजारच्या वेलीला लावतो. सगळी बाग धरते मग. वेल मरत नाही, पण फळ कधी नीट पिकत नाही. औषध नाही याच्यावर. म्हणून तर दाखल्याच्या काड्या लावतात.”

प्रतापरावांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कुणीतरी माझी सगळी पानं एकदम खुडून नेली.

ते आत गेले आणि छाटणीची कात्री घेऊन आले. नीलिमा केव्हाच वर गेली होती, चतुराबाई स्वयंपाकघरात होत्या. ते एकटेच मांडवाखाली उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, कारण इतक्या वर्षांत त्या हाताची ओळख झाली होती. काड्या धाडल्या तर केशवला काय कळणार? पानं लाल झाली की तो खूशच होईल, घरचं सोनं म्हणेल. एकदोन हंगाम तर सहज जातील. तोवर आपली वेल वडिलांच्या रानात उभी असेल. कात्री एकदा माझ्या काडीपर्यंत आली आणि तशीच थांबली. मला बोलता येत असतं तरी त्या वेळी काय बोलले असते, सांगता येत नाही. जायची ओढ तर मलाही होती.

त्यांनी कात्री खिशात घातली आणि केशवरावांना फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

“केशव, काड्या देत नाही मी. तू रोपवाटिकेतून दाखल्याच्या आण.”

“आता? खुंट वाट बघायलेत दादा. माणसं येऊन बसलीत. झालं काय?”

प्रतापरावांनी रोगाचं सांगितलं. पण विषाणू वगैरे शब्द त्यांच्याच तोंडात नवे होते, ते नीट काही निघाले नाहीत. केशवरावांना ते पटलं नाही. इतकी वर्षं अर्ध्या हैदराबादला वाटल्या तेव्हा रोग नव्हता, आणि भावाची पाळी आली तेव्हाच बरा निघाला? मग ते हळू आवाजात म्हणाले, “रान मला दिलं, त्याचा राग अजून मनात हाय का, दादा?”

प्रतापराव खुर्चीत बसले. म्हणाले, “राग असता तर दिल्या असत्या रे.”

पलीकडून फोन बंद झाला. त्यानंतर तो बरेच दिवस वाजला नाही.

मित्रांनो, माणसं मला पाणी घालतात, खत घालतात, त्याला मी प्रेम म्हणत आले. पण मला सगळ्यात जास्त प्रेम त्या दुपारी मिळालं असं मला वाटतं, आणि तेव्हा त्यांनी मला नुसतं नाकारलं होतं.

पुढच्या रविवारी ते राणीला बरोबर घेऊन रिक्षाने बरकतपुऱ्याला गेले. शोभाबाईंना आणि ज्यांना ज्यांना काड्या दिल्या होत्या त्यांना जाऊन सांगून आले, की माझी वेल काढून टाका, चूक माझी आहे. कुणी काढली, कुणी हसण्यावारी नेलं. शोभाबाईंनी सरळ सांगितलं, मला काय वाईन करायची आहे? सावलीपुरती राहू द्या की. त्यांच्या आसपास दुसरी द्राक्षवेल नाही ना, एवढं बघून प्रतापरावांनीही मान डोलावली.

मला काढून टाकायचं हे मात्र ठरलेलं होतं. तेव्हा नीलिमाने एक वाट दाखवली. नव्या फुटीच्या कोंबाचं अगदी टोक, मोहरीहून बारीक, वेगळं काढायचं. तिथली वाढ इतकी भरभर चाललेली असते की बहुधा रोग तिला गाठू शकत नाही. ते टोक काचेच्या बाटलीत, औषधी खुराकावर वाढवायचं. जगेलच असं नाही, निरोगी निघेलच असंही नाही. आणि जगलं तरी त्याला दाखला नाही मिळणार लगेच, त्याला आणखी वर्षं पारखावं लागेल. प्रतापराव म्हणाले, “दाखला राहू दे पोरी. तू नुसतं जगव.”

म्हणून त्या वर्षी छाटणी झाली ती एकाच ओलांड्याची, म्हणजे मांडवावरच्या एकाच आडव्या फांदीची. नव्या फुटी आल्या तेव्हा नीलिमाने त्यांचे शेंडे नेले. त्या शेंड्यांत मी होते. बाटलीतलं आयुष्य सांगण्यासारखं नाही. माती नाही, वारा नाही, मुंगीसुद्धा नाही. माझ्याबरोबर नेलेले बहुतेक कोंब काळे पडून गेले. एक हिरवा राहिला. आणि त्याच वेळी मी इकडे अंगणातही उभी होते, जुनी, जाडजूड, वाट बघत.

बाटलीतल्या कोंबाला मुळं फुटल्याचा निरोप आला, त्या आठवड्यात प्रतापरावांनी करवत काढली. रोगी वेल अंगणात ठेवून नवं रोप आणता येत नाही, किडा तो रोग पुन्हा लावतो. मुलगा विकास म्हणाला, माणूस बोलावू. त्यांनी ऐकलं नाही. चतुराबाईंनी माझ्या बुंध्याशी तांब्याभर पाणी घातलं आणि खोडाला हळदकुंकू लावलं. आयुष्यभर मला सरपण म्हणणारी ती बाई पदराने डोळे पुसत आत गेली. प्रतापराव थांबत थांबत कापत होते. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं. पण हात ओळखीचा होता.

दोन दसरे नुसत्याच मांडवाखालून गेले. प्रतापरावांनी जम्मीची पानं वाटली. कुणी लाल पान मागितलं तर, वेल औषधपाण्याला गेली आहे, असं सांगायचे. प्रयोगशाळेत मला बाटलीतून पेल्यात, पेल्यातून पिशवीत हलवलं. पुन्हा पुन्हा तपासलं. एका पावसाळ्यात नीलिमा मला छातीशी धरून घरी घेऊन आली. रोग नाही, एवढंच ती म्हणाली. प्रतापरावांनी मला हातात घेतलं आणि आधी काय केलं असेल? एक पान उलटं करून पाहिलं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला, म्हणजे यंदाच, सकाळपासून ते माझ्याजवळ बसून होते. माझी पानं मोजकीच, आणि सगळी हिरवी. राणीने मोबाइलमध्ये माझा फोटो काढला आणि म्हणाली, आजोबा, इट्स सो ग्रीन. हौ, ते म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

दुपारी फाटक वाजलं. केशवराव होते. फोन न करता आले होते, हातात बांधावरच्या आपट्याची फांदी. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. केशवरावांनी वाकून पायाला हात लावला. त्यांच्या शेजारच्या एका बागेत पानं लाल झाली होती, आणि ती बाग या वर्षी पिकलीच नव्हती. ते बघून आले होते, एवढं चतुराबाईंना त्यांनी नंतर सांगितलं.

प्रतापरावांनी त्यांना माझ्यापाशी आणलं. दारी आलेल्याला सोनं द्यायचं ही घरची रीत, म्हणून त्यांचा हात माझ्या एका पानाकडे गेला. केशवरावांनी तो हात धरला.

“यंदाचं सोनं वेलीवरच राहू दे, दादा,” ते म्हणाले. “विहिरीकडची एक ओळ कलम न बांधता तशीच ठेवलीय मी. तुझ्या काडीसाठी.”

प्रतापरावांनी माझ्या कुंडीतली थोडी माती चिमटीत घेतली आणि चुरत राहिले. आता मला लवकर मोठं व्हायचं आहे. मी इथे मांडवावर चढेन आणि त्याच वेळी गावी विहिरीचं पाणीही पिईन. आमच्या जातीत ते जमतं.

तर मित्रांनो, तुमच्याही दारात, गच्चीत, शाळेच्या कुंपणाशी आमच्यापैकी कुणी ना कुणी असेल. आमचं कौतुक जरूर करा. आम्हाला ते आवडतं, मी काही खोटं बोलणार नाही. पण कौतुक करताना जवळ या, वाकून बघा, पान उलटून बघा. आम्हाला काय होतंय ते आम्हाला सांगता येत नाही, आणि पुष्कळदा आम्हाला ते कळतही नाही.

प्रतापराव आता रोज सकाळी चहाआधी बाहेर येतात आणि माझं एकेक पान उलटं करतात. हिरवं दिसलं की एक शब्द न बोलता आत जातात. एवढी वर्षं मला सोनं म्हणत होते, तेव्हा मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.